तिच्या वाटचं उत्तर

हॅलो?… हॅलो, आई?

हो, मीच… हो, माहितीये, आज रविवार नाहीये. अगं ऐक ना… नाही, सर्दी झालीये थोडी, म्हणून आवाज तसा येतोय… आई, आधी स्पीकर बंद कर… स्पीकर गं! कोपऱ्यात चित्र आहे बघ, ते दाब… तो नाही, त्याने फोन कट होईल… हां. आता कानाला लाव… आता बोल बघू काहीतरी… हं, ठीक आहे.

भिंगरी कुठेय?… गच्चीत? कपडे वाळत घालतेय?… नक्की?… आणि किती आहेत कपडे?… अगं सांग ना, उगाच नाही विचारत. चादरी आहेत का?… दोन्ही? मग लागतील तिला पंधरा मिनिटं. चिमट्यांचे रंग जुळवत बसते ना ती… हो, इथे तिच्या आईचंही तसंच आहे. निळ्या शर्टाला निळा चिमटा. काकूंनी मला दोनदा परत लावायला लावलेत.

बाबा?… ऑफिसमध्ये. बरं.

आई, तू बसलीयेस का?… ओट्यापाशी उभी राहू नकोस, बस कुठेतरी… गॅस बंद कर आधी… दूध नंतर तापव गं, नासत नाही लगेच… बसलीस?

आई, काका गेले.

… भिंगरीचे बाबा गं. इथले काका… हो… आज सकाळी. सव्वाआठला… नाही, काल तुला मेसेज केला तेव्हा होते. तेव्हा खरंच नुसते दवाखान्यात होते. मी खोटं नव्हतं लिहिलं… आई, रडू नकोस. आई! अगं तिला ऐकू जाईल वर. तोंडावर हात धर, काहीही कर, पण आवाज नको.

… हार्ट… हो… सांगते. सगळं सांगते, पण मधे मधे विचारू नकोस, नाहीतर राहूनच जाईल माझं.

काल दुपारी मी शाळेतून आले. टेबलावर वह्या पसरून बसले होते. मला आता जिन्यातले पाय ओळखता येतात, आई. काकांचे जड. तिसऱ्या मजल्यावर एकदा थांबायचे, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे, मग चौथा मजला… हो ना, आमच्या इमारतीला लिफ्टच नाही. सगळ्या गावाच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि घरी यायला चार मजले चढायचा. स्वतःच हसायचे त्यावर. घरी तरी मला कामाची आठवण नको, म्हणायचे… तर काल तिसऱ्यावर थांबले. आणि मग पिशवी पडली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, सगळं पायऱ्यांवरून खाली खाली… अगं तो आवाज संपतच नव्हता.

… एकटीच होते. काकू लाँड्रीत, कामावर… मी धावले ना! बोलत होते गं ते. मला म्हणाले, आधी हत्यारं गोळा कर, कुणाचा तरी पाय पडेल… हो, असंच म्हणाले. आणि मी शहाणी, खरंच गोळा करत बसले. सहा पाने उचलले मी, आई. मोजून सहा. मग वर बघते तर ते भिंतीला टेकलेले आणि ओठांचा रंग… … मग शेजारणीचं दार बडवलं. तिनं गाडी बोलावली.

… नाही, तू म्हणशीलच की माझी चूक नाही. पण दोन मिनिटं तरी गेलीच ना पान्यांत… हो, डॉक्टरही म्हणाले. दोन मिनिटांनी काही फरक पडला नसता म्हणाले. मी तीनदा विचारलं त्यांना… बरं. नाही माझी चूक. बरं.

… मी? घरीच आहे. भिंगरीच्या खोलीत. दार लावून बोलतेय. काकू स्वयंपाकघरात बसल्यात. शेजारणी आहेत, लाँड्रीतल्या दोघी जणी आल्यात. कुणी सूप आणलं, कुणी पाव आणला. कुणीच खात नाहीये… खाल्लं… नाही खाल्लं. खाईन गं… काकू? रडत नाहीत. त्यांच्या हातात काकांचा कामाचा शर्ट आहे, त्याची बटणं लावतात, काढतात, परत लावतात.

आई, आता मी फोन का केलाय ते ऐक. संस्थेच्या बाई येऊन गेल्या मघाशी. शाळेच्या वर्षापुरती घरं अदलाबदल केलेल्या आम्हा मुलींची देखरेख करतात ना, त्या. त्यांनी भिंगरीचं तिकीट केलंय. आज रात्रीचं. तुमच्या रात्रीचं, पावणेदहा. तू आणि बाबांनी तिला विमानतळावर सोडायचंय… आजच, हो… एकटीच. मधे एकदा विमान बदलायचंय, तिथे सहा तास बसायचं. परवा सकाळी पोचेल. तिच्यासाठी थांबणार आहेत सगळे. तोवर काकांना… तोवर नेणार नाहीत.

आणि काकू म्हणतात, तिला सांगायचं नाही.

… काहीच नाही. फक्त म्हणायचं, बाबांना बरं नाहीये, आई एकटी पडलीये, तुला बोलावलंय… अगं पण सोळा वर्षांची मुलगी, एवढा प्रवास, एक ओळखीचं माणूस नाही आणि मनात हे घेऊन… इथे आल्यावर काकू स्वतः सांगणार… हो, मीही हो म्हणाले. त्या माझा हात धरून सांगत होत्या, मी काय म्हणणार होते?

… कळतंय मला… हो, फसवल्यासारखंच होईल… हो, चेहऱ्यावरून ओळखेल ती तुझ्या. तुझा चेहरा म्हणजे काय, वर्तमानपत्र… नाही, तू नको सांगूस… आई, ऐक… आई, ऐक तरी! काकूंनी शब्द घेतलाय माझ्याकडून.

… 

… आहे. फोनवरच आहे मी.

आई, मला अजून एक सांगायचंय. खरं तर तेच सांगायला फोन केलाय. तिकिटाचं काय, बाईंनीही कळवलंच असतं.

… तू लहानपणी म्हणायचीस ना, आधी खरं काय ते सांग, मग ओरडणार नाही. आणि मग ओरडायचीसच… नाही, काही फोडलं नाहीये. काही हरवलं नाहीये… म्हणजे हरवलंयही. सांगते.

भिंगरीनं तुला सांगितलंय का, ती इथून निघाली त्या दिवसाचं?… हो, तेच… तुला तिनं तिच्या बाजूनं सांगितलं असेल. मी तर तेव्हा विमानात होते, मला काकूंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मोठ्या दवाखान्याची लिफ्ट अडकली, दोन मजल्यांच्या मधे. आत तीन माणसं, त्यातली एक म्हातारी बाई. दुसरा कारागीर रजेवर. काका म्हणाले, अर्ध्या तासात सोडवतो आणि थेट विमानतळावरच येतो… चार तास लागले गं. भिंगरी विमानतळाच्या काचेच्या आतून बाहेर बघत राहिली, बघत राहिली, आणि मग आत निघून गेली.

… हो. आणि ठरवलं तिनं, बोलायचंच नाही… सात महिने, आई.

… नाही, नाही, तुला वाटतं ती बोलायची. तू दर रविवारी तिला फोन लावून द्यायचीस आणि स्वयंपाकाला लागायचीस. इथे काय व्हायचं ते तुला नाही माहीत. काका रविवारी सकाळी तीन तीनदा हात धुवायचे, ब्रशनं, नखांत अडकलेलं ग्रीस काढत बसायचे. फोनमधून जणू तिला वासच येणार होता. मग काकूंच्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे. ही काकूंशी अर्धा तास बोलायची. मग माझ्याशी बोलायची, माझ्या शाळेचं, तिच्या मैत्रिणींचं, मांजरीचं सुद्धा विचारायची. आणि मग, बाबांना सांग अभ्यास आहे, ठेवते… दर रविवारी! काकू म्हणायच्या, तुमची चौकशी करत होती हं. ते म्हणायचे, हो का. आणि खुर्ची उचलून जागेवर ठेवायचे. उचलून गं, सरकवून नाही. आवाज होऊ नये म्हणून.

… हो ना. मलाही तसंच व्हायचं.

… मला सांगायचं होतं तिला! कितीदा मेसेज लिहिला आणि पुसून टाकला. वाटायचं, आपण कोण मधे पडणारे. बापलेकीचं भांडण, आपण पाहुणे. मिटेल त्यांचं ते… लिहायला हवा होता ना?… तू सांग खरं… हं. मलाही तेच वाटतं.

आई, मला किती जपलं गं त्यांनी. पहिल्या आठवड्यात मी नळ सोडून बाथरूममध्ये रडायचे, तुला सांगितलं नव्हतं… हो, रोज. शाळेत एक शब्द कळायचा नाही. सगळे हसले की मीही हसायचे, आणि मग कळायचं की माझ्यावरच हसतायत. एक दिवस काकांनी बाथरूमचं दार वाजवलं. मला वाटलं ओरडणार, पाणी वाया घालवते म्हणून. तर म्हणाले, मला टॉर्च धरायला कुणीतरी हवंय, येतेस का? खरं तर त्यांना कुणी नको असतं. पण मग दर शनिवारी नेलं मला. जुन्या जुन्या इमारतींत. लिफ्टच्या दाराला कान लावायला शिकवलं. बिघडणारी लिफ्ट आधी कुरकुरते म्हणे, फक्त ऐकणारा पाहिजे. तिथेच मी त्यांची भाषा शिकले. शाळेत नाही, लिफ्टच्या खड्ड्यात उभी राहून… हो, सुरक्षित असतं गं, आता काय त्याचं!

… थांब जरा. नाक पुसते.

हं. तर आज सकाळी. आठ वाजले असतील. नर्सनं काकूंना खाली पाठवलं, कसल्याशा कागदांवर सह्या हव्या होत्या. मी काकांपाशी बसले… हो, एकटीच. थंडी होती म्हणून तिचा स्वेटर घातला होता मी, तो मरून… अगं इथे तिचेच कपडे घालते ना मी, माझे कुठले पुरतायत या थंडीला. आणि वेणी काकू घालून देतात, तिला घालायच्या तशी. चष्मा नव्हता त्यांच्या डोळ्यांवर. माझ्या हातात होता, मी पुसत होते… रोजचं काम आहे ते माझं. म्हणजे तिचं. तिनं मला लिहून दिलेल्या वहीत पहिल्याच पानावर आहे, बाबांचा चष्मा सकाळी पुसायचा, ते स्वतः कधी पुसत नाहीत… हो, मी तिला दिली तशीच वही. त्यात तुझे गुडघे आहेत, बाबांचं चष्म्याचं घर आहे… अगं लिहिणारच ना, ती माझ्या जागी राहणार होती.

तर मी पुसतेय, आणि त्यांनी डोळे उघडले. माझी बाही धरली. आणि हाक मारली.

… मला ते ‘दुसरी’ म्हणतात. म्हणायचे. ‘काय गं दुसरी, आज शाळेत किती हसलीस?’… ते नाही म्हणाले. भिंगरी तर तू ठेवलंस, तिचं इथलं जे लहानपणचं नाव आहे, ते म्हणाले.

… हो. तीच वाटले मी त्यांना.

… आणि एक प्रश्न विचारला. मला म्हणजे, तिला विचारला.

… 

… मी उत्तर दिलं, आई.

… हो, तिच्या वतीनं. तिचं होऊन… सांगायला हवं होतं ना मी, काका, मी आहे, दुसरी, ती नाहीये इथे. तोंडापर्यंत आलं होतं गं. खरंच आलं होतं. पण त्यांनी असं बघितलं… तू असतीस तर काय केलं असतंस?… नाही, तू खरं बोलली असतीस. तू बोलतेस. मी नाही बोलले. मी त्यांच्या भाषेत, तिच्या आवाजात बोलले. ती वाक्याचा शेवट जरा ओढते ना, तसा ओढूनसुद्धा.

… काय विचारलं ते नाही सांगणार… तुला नाही… रागावू नकोस ना! ते तिचं आहे. तिच्या वाटचं मी आधीच एकदा घेऊन बसलेय. आता तुला सांगितलं तर तिच्याआधी तुला मिळेल. काकूंनाही नाही सांगितलं.

… मी? मी सांगू तिला?… नाही. नाही नाही, आई, मी नाही. तू जवळ आहेस तिच्या. तुझ्या मांडीवर डोकं ठेवून टीव्ही बघते म्हणालीस ना. मी इतक्या लांबून, फोनवर… काय सांगू, तुझ्या बाबांनी शेवटचं तुला विचारलं आणि उत्तर मी देऊन टाकलं?… तिच्या जागी तू असतीस तर तुला कसं वाटलं असतं?

… तेच. तेच म्हणतेय मी.

… मी यायचं? घरी?… नको. तिच्यासारखंच मलाही घरी पाठवता येईल, बाई म्हणाल्या तसं. पण मी म्हटलं, आत्ता नाही. काकूंपाशी आत्ता मी एकटीच आहे. भिंगरी आली की बघू… यायचंय गं. खूप यायचंय. विचारू नकोस पुन्हा, मग मला इथे थांबवणार नाही… तिची खोली रिकामी करतेय. माझं सामान बाहेर सोफ्यामागे ठेवलं. चादर बदलली. तिला आल्या आल्या तिचा पलंग हवा ना… आई, तो स्वेटर धुऊ का?… बाहीवर त्यांचा हात होता… नको ना? मलाही वाटलं, नको. घडी करून ठेवते नुसता.

… हो, ऐकतेय, बोल.

… बोल ना… आई?

… कोण?… दारात?… कधीपासून?… आई, काय ऐकलं तिनं?… तू मोठ्यानं म्हटलंस? काय म्हटलंस मोठ्यानं, ‘तिच्या वतीनं उत्तर दिलंस’?… अगं बाई… आणि त्याच्या आधीचं?… काय म्हणतेय ती?… नाही, फोन नको देऊस. आई, देऊ नकोस! दोन मिनिटं दे मला, मी काहीतरी… हॅलो? आई?

… 

… भिंगरी.

… हो, मीच… हो, त्यांच्याबद्दलच बोलत होतो आम्ही.

… नाही. नुसते आजारी नाहीत.

… थांब, तुझ्या भाषेत सांगते… का?… भिंगरी, आज तरी मराठीचा हट्ट कशाला, आज तुला तुझ्या… … अच्छा… तुझ्या भाषेत ऐकलं तर खरं होईल… बरं. मराठीत सांगते. हळू सांगते.

तुझे बाबा गेले. आज सकाळी. जिन्यात पडले काल, आणि आज दवाखान्यात गेले.

… हो. त्याच अर्थानं… परत नाही येणार, हो.

… 

… मी आहे. आहे मी फोनवर… बस खाली. बादली ठेव हातातली… आईला धर… रड. मी थांबते.

… 

… काकू? बसल्यात. बऱ्या आहेत. तुझी वाट बघतायत… हो, त्यांनीच सांगितलं होतं, तुला कळू द्यायचं नाही म्हणून. चिडू नकोस त्यांच्यावर, तू एवढ्या लांबून एकटी येणार, म्हणून गं… हो, चुकलंच. मीही हो म्हटलं, माझंही चुकलं.

… नाही, दुखलं नाही फार… खरंच. डॉक्टर म्हणाले… मी होते. फक्त मी. काकू दहाच मिनिटं खाली गेल्या होत्या.

… हो. बोलले.

… सांगते. आता तुलाच सांगते, अजून कुणालाही सांगितलेलं नाही. त्यांना मी म्हणजे तू वाटलीस. तुझा स्वेटर होता अंगात, वेणीही तुझ्यासारखी, त्यांना चष्मा नव्हता… हो, त्याच नावानं. लहानपणच्या. म्हणाले…

म्हणाले, ‘त्या दिवशी मी आलो नाही. अजून रागावलीयेस का?’

… एवढंच. शब्द न् शब्द तेवढेच. सकाळपासून मनात घोकतेय, एकही इकडचा तिकडे होऊ नये म्हणून.

… मी म्हटलं… … हो, सांगतेय. मी म्हटलं, ‘नाही बाबा. कधीच गेला राग.’

… 

… भिंगरी?

… हो… हो, नव्हता गेला तुझा राग. मला माहीत होतं… नाही, तू सांगितलं नव्हतंस मला. कुणीच नव्हतं सांगितलं… नाही, काही हक्क नव्हता मला… बरोबर आहे… बोल. अजून बोल. मराठीत जमत नसेल तर तुझ्या भाषेत बोल, मला कळेल… हं… हं…

… तुला स्वतः म्हणायचं होतं.

… कधी?… आल्यावर, विमानतळावर? ते समोर दिसले की आधी पाच मिनिटं तोंड फिरवून उभं राहायचं. आणि मग… … भिंगरी, म्हणजे तू… … करणारच होतीस माफ… तीन महिन्यांनी… ठरलंच होतं तुझं.

… मला कसं माहीत असणार गं! तू कधी बोलली नाहीस. मला वाटायचं तू दगड आहेस. मलाही राग यायचा तुझा, रविवारी. ते खुर्ची उचलून ठेवायचे तेव्हा… नाही, तुला टोचायला नाही सांगत. चुकले, बोलायला नको होतं हे.

… नाही. ते परत नाही घेता येत मला. घेता आलं असतं तर…

… रागाव माझ्यावर. चालेल मला… परवा मी विमानतळावर येते, काकूंना घेऊन… मी नको?… बरं… नको म्हणतेस, पण त्यांना एकटीला कशी पाठवू? मी लांब उभी राहीन. तू बघू नकोस माझ्याकडे. बॅग उचलेन तेवढी.

… नंतर? नंतर काही नाही बोलले. बाही सोडली नाही… हसले. म्हणजे हसल्यासारखं केलं. ओठांच्या एका बाजूनं हसतात ना ते… हो, डाव्या. तसं. मग मशीन वाजायला लागलं, नर्स धावत आली, मला बाहेर काढलं. काकू जिन्यातच होत्या अजून.

… काय?… पुन्हा म्हण, ऐकू नाही आलं… हळू बोल, रडू नकोस बोलताना.

… 

… हो. पटलं त्यांना.

… नाही, जराही शंका आली नाही. मी समोर होते ना, मी बघत होते त्यांच्या डोळ्यांत. तुझी शपथ… अगं त्यांनी विचारलं तुला, आणि तू म्हणालीस नाही. तू होतीस तिथे. त्यांच्यापुरती तूच होतीस, शेवटपर्यंत. मी नव्हतेच गं खोलीत.

… हो…

… हो. रड.

… 

… कोण, आई?… घेतलास फोन… काय करतेय ती?… जमिनीवर? ओट्याला टेकून?… मग तूही बस खाली, तिच्याजवळ. गुडघे दुखतील पण बस… नाही, माझ्याशी नको बोलत बसूस. बॅग बाबा आले की भरा. तिचे जाड मोजे माझ्या कपाटात असतील, वरच्या खणात. आणि विमानतळावर तिला आत सोडून लगेच निघू नका. काचेपाशी उभे राहा. ती मागे वळून बघेल… हो, विमान उडेपर्यंत.

… मी बरी आहे… नाही, नाहीये बरी. पण इथे काकू आहेत. आतून दोनदा हाक मारली त्यांनी मला… आई, मला आत्ता तू… … काही नाही. नंतर सांगेन. तिच्या डोक्यावरून हात फिरव. मला फिरवतेस तसा, कपाळावरून मागे… हो, उलट्या हातानं…

जा ना आई… नाही, तू नाही ठेवणार, मला माहितीये.

मीच ठेवते.